एर्फुर्टचे जुने सिनेगॉग: विसरले गेले म्हणून वाचले

उत्तरायण

नमस्कार मंडळी,

जर्मनीच्या थ्युरिंगिया राज्यात, एर्फुर्ट या राजधानीच्या शहरापासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आम्ही गेली काही वर्षे राहतो. घरी पाहुणे आले की त्यांना एर्फुर्टला न्यायचे, दोन्ही बाजूंना घरे असलेला क्रेमरब्र्यूके नावाचा जुना पूल दाखवायचा, कॅथेड्रलच्या पायऱ्या चढायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, असा आमचा क्रम ठरलेला होता. त्या पुलापासून चार पावलांवर, वागेगासे नावाच्या अरुंद बोळात, नऊशे वर्षांहून जुने ज्यू प्रार्थनागृह उभे आहे हे मला पहिली दोन वर्षे माहीतच नव्हते. माहीत झाल्यावर मी तिथे तीनदा गेले आणि तिसऱ्या भेटीनंतर हा धागा लिहायला घेतला.

या वास्तूला आज 'आल्टे सिनागोगे', म्हणजे जुने सिनेगॉग, म्हणतात. 2009 सालापासून ती एर्फुर्टच्या मध्ययुगीन ज्यू समाजाचे संग्रहालय आहे. पश्चिमेच्या भिंतीतील एका लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचे झाड 1094 च्या सुमारास तोडले गेले असे कळते आणि त्यावरून सर्वांत जुन्या भागाचा काळ ठरवला आहे. बाराव्या शतकात इमारतीत फेरबदल झाले. 1270 च्या सुमारास ती बरीच मोठी करून बांधली गेली आणि उंच टोकदार खिडक्यांची, वर गोल गवाक्ष असलेली आजची पश्चिम भिंत उभी राहिली. 1300 च्या आसपास उत्तरेकडे आणखी एक भाग जोडला गेला. चार पिढ्यांनी वाड्याला एकेक खण वाढवावा, तशी ही वाढ आहे, आणि अंगणात उभे राहून नीट पाहिले तर दगडांची ठेवण जिथे जिथे बदलते तिथे तिथे ती डोळ्यांना दिसते.

21 मार्च 1349 रोजी, शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या, ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्याच दिवशी, एर्फुर्टमधील ज्यू वस्तीवर हल्ला झाला आणि तो समाज नाहीसा झाला. इमारत नगरपरिषदेच्या ताब्यात गेली आणि पुढे एका व्यापाऱ्याला विकली गेली. त्याने खाली कमानींचे तळघर खणले, आत लाकडी मजले घातले, वर नवे छप्पर चढवले आणि प्रार्थनागृहाची वखार केली. ही वखार थोडीथोडकी नव्हे, सुमारे पाचशे वर्षे चालली. एकोणिसाव्या शतकात तिथे उपाहारगृह आले, वरच्या मजल्यावर सज्जासह नाचाचा दिवाणखाना झाला आणि लाकडी चेंडूने खुंट्या पाडण्याच्या खेळासाठी जागा केली गेली. चहूबाजूंनी इतर बांधकामे चिकटली होती, त्यामुळे आत काय दडले आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला समजण्याचा मार्गच उरला नाही. नाझी राजवटीत शहरातले मोठे सिनेगॉग जाळले गेले, तेव्हा ही वास्तू वाचली, कारण ती सिनेगॉग असल्याची आठवण जवळजवळ पुसली गेली होती. जर्मनीच्या एकीकरणानंतर, 1990 च्या दशकात, तज्ज्ञांनी भिंतींचा बारकाईने अभ्यास केला. 1998 मध्ये शहराने इमारत विकत घेतली आणि अकरा वर्षांनी ती लोकांसाठी उघडली.

आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती रिकामेपणाची. तळमजल्यावर फार मांडामांड नाही. भिंतीवर, डोक्याच्या बऱ्याच वर, दगडाच्या पुढे आलेल्या पट्टीचे अवशेष आहेत. ही पट्टी दिवे ठेवण्यासाठी होती. खिडक्या उंचावर आणि अरुंद, त्यामुळे प्रार्थनेच्या पोथ्या वाचायच्या तर या दिव्यांचाच आधार असणार. मी त्या पट्टीखाली बराच वेळ उभी होते. दिवे नाहीत, तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, ठेवण्याचा कोनाडा नाही, वाचनाचा चौथरा नाही. पण उजेड कुठून पडत होता तेवढे मात्र सांगता येते.

तळघरात 'एर्फुर्टचा ठेवा' आहे. 1998 मध्येच, सिनेगॉगजवळच्या मिखाएलिसस्ट्रासे या रस्त्यावर उत्खनन चालू असताना, तळघराच्या जिन्याजवळच्या भिंतीखाली तो सापडला. 3141 चांदीची नाणी, लहानमोठ्या 14 चांदीच्या लगडी, एकात एक बसणारे पेले, सुरई, पदके, पट्ट्यावरचे बारीक नक्षीकाम; सगळे मिळून वजन सुमारे 28 किलो. बहुतेक नाणी फ्रान्समधील आहेत आणि त्यांत सहाव्या फिलिप राजाची, म्हणजे 1328 नंतरची, नाणीही आहेत. त्यामुळे ठेवा 1349 च्या संकटात दडवला असावा, हा तर्क भक्कम ठरतो. ज्याने तो दडवला तो परत आला नाही.

त्या ठेव्यात सोन्याची एक लग्नाची अंगठी आहे. अंगठीच्या माथ्यावर कमानी आणि टोकदार छप्पर असलेले इवलेसे घर आहे, छपरावर हिब्रू अक्षरांत 'मझल टोव', म्हणजे शुभेच्छा, असे कोरले आहे आणि खाली, बोटाच्या आतल्या बाजूला येईल तिथे, दोन हात एकमेकांत गुंफलेले आहेत. अशी अंगठी रोज घालायची नसे. ती लग्नविधीपुरतीच बोटात चढायची. काचेपलीकडची ती अंगठी माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा फार मोठी नसेल. तिच्यापुढे मी काही मिनिटे उभी राहिले. शेजारच्या काकूंनी आपल्या नातीला हळू आवाजात विचारले, "या घराला दार आहे का, बघ बरं." नात काचेला नाक लावून शोधत राहिली.

वरच्या मजल्यावर, त्याच जुन्या नाचाच्या दिवाणखान्यात, एर्फुर्टच्या हिब्रू हस्तलिखितांची माहिती मांडली आहे. बाराव्या ते चौदाव्या शतकांतील 15 हस्तलिखिते वाचली. ती पुढे ऑगस्टिनियन मठाच्या ग्रंथालयात होती आणि 1880 पासून बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहेत. 1343 साली लिहिलेले प्रचंड आकाराचे हिब्रू बायबल आणि तोसेफ्ता या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाची अत्यंत महत्त्वाची प्रत त्यांत आहे.

17 सप्टेंबर 2023 रोजी युनेस्कोने हे सिनेगॉग, जवळचे विधिस्नानाचे कुंड (मिकवे) आणि 'दगडी घर' नावाचे मध्ययुगीन निवासस्थान अशा तिघांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता माझे मत मांडते आणि आपली मते ऐकायला उत्सुक आहे. मला या संग्रहालयाची सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती अशी की त्यांनी वखार पुसली नाही आणि नाचाचा दिवाणखानाही पुसला नाही. 1348 सालचे सिनेगॉग पुन्हा उभे करून दाखवण्याचा मोह त्यांनी टाळला, आणि तोच निर्णय मला योग्य वाटतो.

---

गवंडी

उत्तम धागा. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचे काम मी करत आलो आहे, त्यामुळे दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. एका लाकडावरून संपूर्ण भिंतीचा काळ ठरवणे कितपत सुरक्षित आहे? आमच्याकडे एका वाड्याच्या तुळया दुसऱ्या वाड्यात जातात, दुसऱ्याच्या तिसऱ्यात. सागाला मरण नाही, असे आम्ही म्हणतो. दुसरे म्हणजे, "मध्य युरोपातील सर्वांत जुने सिनेगॉग" असे या वास्तूबद्दल मी कुठेतरी वाचले होते. पण प्रागचे जुने सिनेगॉगही तसेच म्हणवते. मग खरे काय?

---

उत्तरायण

गवंडी, दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत.

लाकूड जुने असून नंतर वापरले गेले असण्याची शक्यता संशोधकही धरतात. म्हणून 1094 हा आकडा सर्वांत जुन्या भागाचा काळ सांगतो, संपूर्ण इमारतीचा नाही. बाकीच्या टप्प्यांचे काळ छपराची लाकडे, खिडक्यांच्या कमानींची घडण आणि चुन्याचे थर यांवरून ठरवावे लागतात. वर्षवलयांच्या पद्धतीचे बळ असे की त्या प्रदेशातील ओक, फर अशा झाडांच्या वलयांची शेकडो वर्षांची अखंड मालिका उपलब्ध आहे. ओले वर्ष, कोरडे वर्ष यांप्रमाणे वलय जाड-बारीक होते, आणि तुकड्यावरील नक्षी त्या मालिकेत जिथे तंतोतंत बसते ते त्याचे वर्ष. सालीलगतचे शेवटचे वलय शिल्लक असले तर झाड तोडल्याचे वर्षही कळते.

दाव्याबद्दल सांगायचे तर शब्द नीट वाचावे लागतात. एर्फुर्टबद्दल म्हटले जाते ते असे: छपरापर्यंत टिकून राहिलेल्या सिनेगॉगांपैकी मध्य युरोपातील सर्वांत जुने. प्रागचे सिनेगॉग 1270 च्या सुमाराचे आहे, पण तिथे आजही प्रार्थना होते. वापरात असलेल्यांत ते सर्वांत जुने. वॉर्म्स येथील सिनेगॉगची स्थापना 1034 ची, म्हणजे दोघांहून जुनी. पण ते 1938 मध्ये जाळले गेले आणि युद्धानंतर जुने दगड वापरून पुन्हा बांधले, त्याचे उद्घाटन 1961 मध्ये झाले. श्पायर येथे 1104 च्या सिनेगॉगचे अवशेष आहेत, छप्पर नाही. चौघांचे चार वेगळे मान आहेत.

---

पाटीपेन्सिल

मी शाळेत इतिहास शिकवतो. 1349 चा उल्लेख आला आहे, म्हणून थोडी भर घालतो, कारण ही तारीख सुटी पाहिली तर अर्धीच कळते.

1347 च्या अखेरीपासून युरोपात प्लेगची साथ पसरत होती आणि तिच्याबरोबर एक अफवा पसरत होती, की ज्यूंनी विहिरींत विष कालवले आहे. अनेक शहरांत या अफवेवरून कत्तली झाल्या. एर्फुर्टबाबत विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो की तिथे कत्तल मार्च 1349 मध्ये झाली आणि साथ पोहोचली त्यानंतर, 1350 मध्ये. रोगाने घाबरलेला जमाव भान हरपून धावून गेला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. ज्यू सावकारांची देणी ज्यांच्यावर होती अशी माणसे शहरात होती, गटबाजी होती, आणि सत्ताधाऱ्यांपैकीही काहींचा यात हात होता. मारल्या गेलेल्यांत फ्रँकफर्टचे विद्वान रब्बी (ज्यू धर्मगुरू) अलेक्झांडर झुसलिन हकोहेन हेही होते. त्यांनी लिहिलेला धर्मशास्त्राचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

धागाकर्तीने एक गोष्ट ओझरती सोडली आहे. पाचच वर्षांनी, 1354 पासून, नगरपरिषदेने ज्यूंना पुन्हा शहरात राहू दिले. ते आले, आणि त्यांच्यासाठी नगरभवनाच्या मागे दुसरे सिनेगॉग बांधले गेले. जुने तर तोवर वखार झाले होते. आपल्या आजोबांच्या प्रार्थनागृहात धान्याची पोती उतरताना पाहत ही माणसे रोज त्याच बोळांतून जात असतील. 1453 मध्ये परिषदेने त्यांचे संरक्षण काढून घेतले आणि त्यांना शहर सोडावे लागले. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्यांदा वस्ती झाली. 1840 चे छोटे सिनेगॉग आणि 1884 चे मोठे सिनेगॉग त्या काळातले. मोठे 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जाळले. त्याच जागी 1952 मध्ये नवे सिनेगॉग उभे राहिले, आणि पूर्व जर्मनीच्या संपूर्ण कारकिर्दीत नव्याने बांधलेले ते एकमेव सिनेगॉग होते.

याच शहरात टोप्फ आणि सन्स ही कंपनी होती, जिने आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीतल्या प्रेते जाळण्याच्या भट्ट्या बनवल्या. तिच्या कचेरीच्या इमारतीत 2011 पासून स्मृतिस्थळ आहे. एर्फुर्टला जाणाऱ्यांनी सिनेगॉग पाहून थांबू नये, तिथेही जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

कालिंदी

आम्ही स्पेनमध्ये तोलेदो येथे असेच एक संग्रहालय पाहिले, म्हणून तुलनेसाठी लिहिते. 'एल त्रान्सितो' हे तिथले सिनेगॉग 1357 च्या सुमारास शमुवेल हलेवी अबुलाफिया यांनी बांधले. कास्तीयचा राजा पेद्रो याचे ते खजिनदार होते. पुढे त्याच राजाची मर्जी फिरली, त्यांना अटक झाली आणि छळात त्यांचा अंत झाला. 1492 मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाल्यावर इमारत एका ख्रिस्ती लष्करी पंथाला मिळाली, तिचे चर्च झाले, नेपोलियनच्या युद्धकाळात सैन्य राहिले, 1877 मध्ये ती राष्ट्रीय स्मारक झाली आणि 1964 मध्ये तिथे सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या ज्यूंचे, संग्रहालय स्थापन झाले. 'त्रान्सितो' हे नावही चर्चच्या काळात तिथे असलेल्या, मरियेच्या देहावसानाच्या चित्रावरून पडले आहे.

तिथे मात्र रिकामेपणाची जाणीव होत नाही. उंच भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी, तिच्यामधून धावणाऱ्या हिब्रू स्तोत्रांच्या ओळी, कास्तीयची राजचिन्हे, मधूनच अरबी अक्षरे आणि वर कोरीव लाकडी छत. स्त्रियांसाठीचा सज्जाही आहे. मान वर करून पाहता पाहता दुखू लागते. ज्यू धनिकाच्या पैशाने, मुसलमान कारागिरीच्या शैलीत, ख्रिस्ती राजाच्या मुद्रेखाली घडलेली ती खोली पाहून मी भारावले होते. आज हा धागा वाचून वाटते की तोलेदोच्या सौंदर्याने मला एक प्रश्न विचारूच दिला नाही: इथे प्रार्थना करणारी माणसे कुठे गेली? एर्फुर्टला तो प्रश्न टाळता येत नसणार.

---

चंद्रकोर

धागा मनापासून आवडला, तरी उत्तरायण यांच्या शेवटच्या मताशी मी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

जिथे माणसे देवापुढे उभी राहत होती, तिथे त्यांना मारून वखार केली गेली, आणि पुढे त्याच जागी लोक नाचले, प्यायले. तो नाचाचा दिवाणखाना 'इतिहासाचा एक थर' म्हणून जपणे आणि त्यातच हिब्रू हस्तलिखितांची माहिती मांडणे हे मला खुपते. आपल्याकडच्या एखाद्या देवळाचे गोदाम झाले असते आणि ते परत मिळाले असते, तर आपण गोदामाचे फळ्यांचे मजले जपले असते का? आपण ते काढून टाकले असते, जागा धुतली असती आणि गाभाऱ्यात दिवा लावला असता. मजले काढून प्रार्थनागृहाची मूळ उंची मोकळी केली असती, तर आत येणाऱ्याला एका क्षणात कळले असते की आपण कुठे उभे आहोत. सर्वच थर सारख्या मोलाचे नसतात. घाव आणि अवयव यांत फरक आहे.

---

उत्तरायण

चंद्रकोर, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी दोन दिवस थांबले आणि मग उत्तर लिहायला बसले.

व्यवहाराची बाजू आधी सांगते. तळघर 1349 नंतर खणले गेले, त्यामुळे प्रार्थनागृहाची मूळ जमीनच उरलेली नाही. मजले काढले असते तर ज्या जमिनीवर माणसे उभी राहत होती ती हाती लागली नसती, खाली तळघराची कमान लागली असती. तोराचा कोनाडा कसा होता, चौथऱ्याचा कठडा कसा होता, हे नव्याने घडवायचे तर बरेचसे अंदाजाने घडवावे लागले असते. आणि वखारीचे छप्पर व लाकूडकामही आता साडेसहाशे वर्षांचे आहे. प्रार्थनागृह म्हणून ही वास्तू जितकी वर्षे नांदली, त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ ती वखार होती.

पण तुमचा आक्षेप व्यवहाराचा नाही, हे मला समजते. वॉर्म्समध्ये वेगळा निर्णय झाला. तिथे उद्ध्वस्त सिनेगॉग पुन्हा बांधले गेले, आणि ते चुकले असे मी म्हणणार नाही, कारण तिथे 1938 चा घाव ताजा होता आणि मोजमापे, छायाचित्रे हाताशी होती. एर्फुर्टला सहा शतकांचे अंतर होते. तिथे स्वच्छ, उंच, सुंदर सभागृह उभारले असते, तर माझ्यासारख्या परक्या माणसाला वाटले असते की झाले ते भरून निघाले. दिव्यांच्या पट्टीचा तुटका तुकडा आणि त्याच्या वर नाचघराची तुळई, हे एकाच नजरेत दिसले तेव्हा मला जे कळले ते माहितीफलकावर लिहिता येणार नाही.

---

अष्टागर

मी जन्माने अलिबागकडची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. आता बरीच वर्षे इस्रायलमध्ये आहे. मराठी वाचायला मिळावे म्हणून इथे येते, लिहिते क्वचित.

चंद्रकोर ताई आणि उत्तरायण ताई, तुमच्या वादात आमच्या धर्मशास्त्राने फार पूर्वी काही सांगून ठेवले आहे ते मांडते. मिश्ना या आमच्या धर्मशास्त्राच्या प्राचीन संग्रहातील मगिल्ला या भागात पडक्या सिनेगॉगबद्दल नियम आहेत. सिनेगॉग ओसाड पडले तरी त्याचे पावित्र्य जात नाही. तिथे दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, छपरावर फळे वाळत घालू नयेत, जवळची वाट म्हणून त्यातून ये-जा करू नये. म्हणजे चंद्रकोर ताईंना जे खुपते ते आमच्या पूर्वजांनाही खुपत होते. पण त्याच ठिकाणी पुढे म्हटले आहे की तिथे गवत उगवले तर ते उपटू नये, पाहणाऱ्याच्या मनाला दुःख व्हावे म्हणून.

लहानपणी वडिलांनी मला हा नियम सांगितला तेव्हा मी विचारले होते की गवत काढून जागा साफ केली तर देवाला बरे वाटणार नाही का? ते म्हणाले, "साफ जागा पाहून माणसं विसरतात, बाळा." एर्फुर्टचा तो नाचाचा दिवाणखाना मला त्या गवतासारखा वाटला. तो उपटला नाही हे बरे झाले.

शब्दांबद्दल थोडे. तोराचे गुंडाळे ज्या कपाटात असतात त्याला आम्ही हेखाल म्हणतो आणि वाचनाच्या चौथऱ्याला तेबा; जर्मनीकडचे ज्यू चौथऱ्याला बीमा म्हणतात. आमचे आजी-आजोबा सिनेगॉगला मशीद म्हणत. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधलेले शाआर हारहामीम ही आमची 'जुनी मशीद', आणि मस्जिद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे आमच्यात सांगतात. पुण्यात 1867 च्या ओहेल डेव्हिडला सगळे लाल देऊळ म्हणतात. कोकणात आमचे पूर्वज तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली हे नाव पडले. उत्तरायण ताईंनी दिव्यांच्या पट्टीचे वर्णन केले ते वाचताना मला आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये टांगलेले काचेचे दिवे आठवले. त्यांत तेल घालायला शुक्रवारी दुपारी आई मला बरोबर न्यायची.

सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात. कोकणातल्या काही गावांत आता दहा जण जमवायला मुंबईहून माणसे बोलवावी लागतात. आम्हाला तिथून कोणी हाकलले नाही, आम्ही आमच्या इच्छेने निघालो, एवढा मोठा फरक एर्फुर्ट आणि अलिबाग यांत आहे आणि तो मी कुठेही सांगते. केरळात चेंदमंगलम आणि परवूर येथील सिनेगॉग आज संग्रहालये झाली आहेत. आमचीही कधी होतील. झाली तर तेलाचे डाग पडलेल्या फरश्या बदलू नयेत, एवढे माझे मागणे राहील.

---

चंद्रकोर

अष्टागर ताई, गवताचा नियम मला माहीत नव्हता. मी माझे मत पूर्ण बदलले असे म्हणणार नाही, पण मी ज्याला घाव म्हटले त्याकडे पाहण्याची ही रीत मला सुचली नव्हती. मनापासून आभार.

---

गवंडी

मिकवेबद्दल कोणी लिहील का? ते कुंड पाहायला मिळते का?

---

उत्तरायण

मिळते. क्रेमरब्र्यूकेच्या मागे, गेरा नदीच्या काठाला लागून ते आहे. 2007 मध्ये त्या भागात काम चालू असताना सापडले. तेराव्या शतकाच्या मध्याचे आहे आणि 1453 नंतर त्याचेही तळघर झाले होते. विधिस्नानाला साठवलेले पाणी चालत नाही, झऱ्याचे किंवा भूजलाचे, आपोआप आलेले पाणी लागते. म्हणून नदीकाठची जागा. आत नेणारी मार्गदर्शित फेरी असते, पण वरून काचेतूनही खाली पाहता येते. काळपट दगडी भिंती, खालचे पाणी, आणि बाजूला बागेत बसून आइस्क्रीम खाणारी मुले असे ते ठिकाण आहे.

सिनेगॉगच्या अंगणात मध्ययुगीन कबरींचे काही दगड ठेवले आहेत, ते लिहायचे राहिले होते. 1453 नंतर ज्यूंची दफनभूमी मोडली गेली आणि तिथले दगड शहरभर बांधकामांत वापरले गेले. घरांच्या पायांतून, भिंतींतून ते अजून अधूनमधून निघतात. मला हिब्रू येत नाही. एका दगडावर मजकूर बऱ्यापैकी शाबूत आहे. अष्टागर ताई, छायाचित्र पाठवले तर वाचून सांगाल का?

---

अष्टागर

अवश्य पाठवा. जुनी अक्षरे झिजलेली असली तर सगळे लागेलच असे नाही, पण नाव, बापाचे नाव आणि वर्ष बहुतेक वेळा लागते. वर्ष अक्षरांतच लिहिलेले असते आणि ते आमच्या कालगणनेचे असते. 1349 चा मार्च महिना म्हणजे 5109 साल. हजारांचा आकडा बऱ्याचदा सोडून देतात. कोकणात आणि मुंबईत आमच्या कबरींवर हिब्रूच्या खाली मराठीत पुन्हा नाव आणि तारीख असते, त्यामुळे लहानपणी मी हिब्रू अंक तिथेच, दोन्ही ओळी ताडून पाहत शिकले. छायाचित्र सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा, अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि वाचायला सोपे जाते.

---

उत्तरायण

येत्या शनिवारी जाणार होते, आता रविवारी सकाळी जाते.